बंद पडलेल्या चिरेखाणीत मुलांना खेळायला जाऊ द्यावे का?

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे: सासरच्या गावी, रत्नागिरीकडे, घरापासून हाकेच्या अंतरावर सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, एक जुनी चिरेखाण (बांधकामाला जांभ्या दगडाचे चिरे काढलेली खाण) आहे, सुट्टीत गेलेली तुमची दोन्ही मुले दिवसभर तिथेच असतात, त्यांना जाऊ द्यावे की नाही हे तुमचे ठरत नाही, आणि लहानपणी अशा खाणीत खेळलेल्या कोणी आपला अनुभव सांगावा अशी तुमची इच्छा आहे. जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की सासूबाई मुलांना "तिथे गिऱ्हा आहे", म्हणजे पाण्यातले भूत आहे, एवढेच सांगतात. ते एक वाक्य तुम्ही लिहिले नसते तर मी उत्तर द्यायला बसले नसते. मे महिन्यात खुशाल जाऊ द्या आणि पहिला पाऊस पडल्यापासून खाणीचा तळ पुन्हा पूर्ण सुकेपर्यंत मुळीच जाऊ देऊ नका, हे माझे उत्तर आहे आणि ते इथेच संपते. गिऱ्ह्याचा विषय मात्र आमच्या घरात १९८९ सालापासून चालू आहे.

आमच्या घराचे चिरे ज्या खाणीतून निघाले त्याच खाणीत आम्ही भावंडे खेळलो. आजोबांनी घर बांधायला काढले तेव्हा चिरे कापायची यंत्रे नव्हती. गडी टिकावाने चिऱ्याच्या चारही अंगांनी चर पाडीत, खालून पहार घालून तो उचकटीत आणि मग तासून सारखा करीत. जमिनीतून नुकताच निघालेला जांभा मऊ असतो आणि उघड्यावर राहून कडक होत जातो, म्हणून ही सगळी कामे ताज्या चिऱ्यावरच उरकावी लागत. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील अंगडिपुरम येथे लोक हा दगड असाच विटांसारखा कापून बांधकामाला वापरताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून, त्याला लॅटेराइट हे नाव दिले. आमच्या आजोबांना हे नाव ठाऊक नव्हते. त्यांना खाण कुठे थांबवायची ते ठाऊक होते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ या थांबण्यातच आहे.

खाण थांबते ती शेडी लागली की. तुम्ही कोकणातल्या नसाल तर हा शब्द तुम्हाला नवा असेल. जांभ्याचा कडक थर जसजसा खाली जावा तसतसा मऊ पडत जातो आणि त्याच्याखाली पांढरी, कुठे पिवळसर, कुठे गुलाबी झाक असलेली चिकट माती लागते. तिला आमच्याकडे शेडी म्हणतात. तिचा चिरा होत नाही, म्हणून गडी तिथे हात टेकतात आणि बाजूला सरकतात. आमच्या खाणीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या घरांसाठी चिरे काढलेले होते आणि शेडीही सगळीकडे सारख्या खोलीवर नव्हती, त्यामुळे तळ एका पातळीत नव्हता. एक भाग गुडघाभर खोल, त्याला लागून दुसरा कमरेएवढा, आणि सगळ्यात आत एक चौकोन चांगला दोन पुरुष खोल, ज्याच्या तळाशी सगळी शेडीच होती. चिरे डोक्यावर घेऊन वर येण्यासाठी एका कोपऱ्यात पायऱ्या ठेवलेल्या होत्या. बाकी तिन्ही बाजूंच्या भिंती ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्यावर टिकावाचे तिरके घाव स्पष्ट दिसत.

या रचनेमुळे ती खाण म्हणजे छप्पर उडालेले घर दिसे आणि आम्ही तिला घरच मानले. वरच्या भागाला आम्ही ओटी म्हणत असू, मधल्याला माजघर आणि आतल्या खोल चौकोनाला न्हाणी. मे महिन्यात मुंबईची भावंडे आली की ओटीवर दुकान मांडले जाई, काजूच्या बिया हे नाणे असे, करवंदे पळसाच्या पानावर विकली जात आणि माजघरात कुणाचे तरी लग्न लागे. न्हाणीत उतरणे हा मोठा मान होता, कारण तिथून शेडीचे खडे मिळत आणि त्या खड्यांनी भिंतीवर खडूसारखे लिहिता येई. दगडी भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली आमची नावे पहिल्या पावसात पुसली जात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा लिहिली जात. खाणीच्या त्या सावलीत दुपारी जो गारवा असे तो गावातल्या एकाही घरात नव्हता, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. मुलांना अशा जागेपासून वर्षभर तोडणाऱ्या आईबापांशी मी सहमत नाही.

गिऱ्हा हा पाण्यात बुडून मेलेल्या माणसाचा आत्मा असतो आणि तो जिवंत माणसाला पाण्यात ओढतो, अशी समजूत आहे. आमच्या आजीने खाणीवर गिऱ्हा नेमलेला होता. गंमत अशी की त्या खाणीत तोवर कुणीही बुडून मेलेले नव्हते, त्यामुळे तो गिऱ्हा नक्की कुणाचा हे आजीला सांगता येत नसे; विचारले की ती "मोठ्यांना उलट विचारू नये" असे म्हणे. गावातली मुले या उत्तरावर गप्प बसत. माझा आतेभाऊ गप्प बसला नाही. तो नऊ वर्षांचा होता आणि चाळीत वाढलेला होता. मे महिन्यात दादाने त्याला गिऱ्ह्याची कथा रंगवून सांगितली तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "भुतं फक्त गावालाच का असतात? आमच्या चाळीत दीडशे माणसं राहतात, तिथे एकही नाही." दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नऊ वर्षांच्या मुलाकडून असे हरणे त्याला फार लागले आणि माझ्या मते ते अजून लागलेले आहे.

त्याच वर्षी गणपतीला आत्याचे कुटुंब रात्रीच्या एस.टी.ने आले. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. गौरींच्या दिवशी सकाळी तेरडा आणण्यासाठी आम्हा चौघा मुलांना सड्यावर धाडण्यात आले; त्यात अकरा वर्षांची मी सगळ्यांत मोठी होते. दादानेही यायचे ठरले होते, पण त्याला आयत्या वेळी दुकानावर पाठवले गेले. ज्यांनी श्रावण-भाद्रपदातला सडा पाहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही, तरी सांगते: उन्हाळ्यात काळाठिक्कर आणि तापलेला दिसणारा तोच कातळ त्या दिवसांत वीतभर उंचीच्या फुलांनी भरून जातो, निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे पसरतात, खळग्याखळग्यात पाणी असते आणि त्या पाण्यात बेडकांची पिल्ले. सड्यावरचे खळगे घोटाभर पाण्याचे असल्यामुळे मुले त्यांत बेधडक पाय घालतात. आम्हीही तसेच पाय घालीत, तेरडा उपटीत, खाणीच्या काठावर येऊन थांबलो.

खाण भरलेली होती. पाणी लालसर असते असे लोकांना वाटते. आमच्या खाणीचे पाणी दुधासारखे होते, कारण पावसाने शेडी ढवळलेली होती. जांभा पाणी धरत नाही, ते झिरपू देतो. शेडी मात्र पाणी अडवते. सड्याच्या कडेला, जिथे जांभा संपतो आणि शेडी सुरू होते, तिथे झरे फुटतात ते याचमुळे. ज्या खाणीचा तळ अजून जांभ्यातच आहे तिथे पाणी थोड्याच दिवसांत जिरून जाऊ शकते, आणि जिचा तळ शेडीला भिडला आहे ती पाऊस ओसरल्यावरही महिनोन् महिने भरलेली राहते. हे मला आज समजते. त्या सकाळी मला एवढेच दिसले की ओटी दिसत नाही, माजघर दिसत नाही, आणि सगळीकडे एकच पांढरे, सपाट पाणी आहे.

आतेभाऊ म्हणाला, "इथे ओटी आहे, गुडघाभर असेल," आणि उतरला. त्याचे चुकले नव्हते. ओटी तिथेच होती आणि पाणी त्याच्या मांडीपर्यंत आले. तो वळून आमच्याकडे पाहून हसला आणि एक पाऊल मागे सरला. ओटीच्या कडेवर शेडीचा गाळ बसलेला होता. त्यावरून त्याचा पाय घसरला आणि तो माजघरात गेला, तिथून न्हाणीत. हे सगळे मी सांगते आहे त्यापेक्षा लवकर झाले. तो वर आला, त्याने भिंतीला हात घातला, आणि मग मी ते पाहिले जे आजीने कधीही सांगितले नव्हते: धरायला काही नव्हते. मे महिन्यात ज्या भिंतीवर आम्ही नावे लिहीत होतो ती शेवाळाने गुळगुळीत झाली होती, टिकावाचे घाव शेवाळाखाली गेले होते आणि पायऱ्यांचा कोपरा पलीकडच्या टोकाला, पाण्याखाली होता. त्याला पोहता येत नव्हते. मलाही येत नव्हते. सड्यावरच्या गावात पोहायला शिकणार तरी कुठे?

त्याला वाचवले ते वाडीतल्या एका काकीने. ती गुरांसाठी ओले गवत कापायला आली होती आणि आमचा ओरडा ऐकून विळा टाकून धावली. तिने पाण्यात उडी मारली नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती काठावर पालथी पडली, भारा बांधायची दोरी तिने त्याच्या दिशेने फेकली आणि "धर बाबू, धर, सोडू नको" असे म्हणत राहिली. पहिल्या दोन वेळा दोरी त्याच्या हाताला लागली नाही. तिसऱ्या वेळी लागली. आम्ही तिघांनी काकीचे पाय धरून ठेवले होते. तो वर आला तेव्हा नखशिखांत पांढरा झालेला होता, त्याच्या एका पायात चप्पल नव्हती, आणि त्याचे पहिले वाक्य "आईला सांगू नका" हे होते.

सांगावे लागलेच. आत्या रडली, मग माझ्यावर बरसली. आजीने संध्याकाळी खाणीवर नारळ फोडून जागा राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, गाऱ्हाणे घातले आणि गिऱ्ह्याने पोर परत दिले असे सगळ्यांनी मान्य केले. नारळ फोडला गेला, पण कुंपण घातले गेले नाही. पाण्याखाली कोणता भाग किती खोल आहे हे दुसऱ्या दिवशीही आम्हा मुलांना कुणी समजावून सांगितले नाही.

पण माझा खरा राग आजीवर नाही. ती जुन्या काळची होती आणि तिला जे माहीत होते तेच तिने सांगितले. राग दादावर आहे. या घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी बोलण्याच्या ओघात त्याच्या तोंडून निघून गेले की गणपतीच्या चार दिवस आधी तो आंबे काढायची घळ घेऊन एकटाच खाणीवर गेला होता, न्हाणीच्या जागी त्याने घळीचा बांबू पाण्यात घातला होता आणि तो तळाला टेकला नव्हता. म्हणजे त्या भाद्रपदात, साऱ्या घरात, खाण किती खोल आहे हे एकट्या दादाला ठाऊक होते, आणि त्याने ते आम्हाला सांगितले नाही. "का नाही सांगितलंस?" असे विचारले तर त्याचे उत्तर आजपर्यंत एकच आहे: "खोल आहे असं सांगितलं असतं तर तुम्ही बघायला गेला असता. भूत सांगितलं की पोरं जात नाहीत." आम्ही गेलो होतो, ही गोष्ट त्याच्या युक्तिवादात कुठेच बसत नाही. त्यावर तो म्हणतो की मी मोठी होते, मी थांबवायला हवे होते. होय, मी अकरा वर्षांची होते आणि मला थांबवायचे होते. पण ज्याचा गिऱ्ह्यावर विश्वास नाही त्याला गिऱ्हा सांगून कसे थांबवायचे? माझ्या हातात दुसरे काहीच दिलेले नव्हते. "तिथे घळीचा बांबू बुडतो" एवढे वाक्य माझ्याजवळ असते तर आतेभाऊ थांबला असता, कारण तो मूर्ख नव्हता, तो फक्त खोटे ओळखणारा होता.

म्हणून तुमच्या सासूबाईंचा मान राखूनही मी स्पष्ट सांगते की मुलांना गिऱ्हा सांगू नका. मे महिन्यात स्वतः त्यांच्याबरोबर खाणीत उतरा, सगळ्यांत खोल जागा त्यांना दाखवा, तुमच्या डोक्यावर आणखी किती भिंत आहे ते मोजायला लावा, आणि पावसात हे सगळे पाण्याखाली असते व पाणी गढूळ असल्यामुळे वरून काहीच कळत नाही, हे तिथेच उभे राहून सांगा. वर येण्याची वाट कोणत्या कोपऱ्यात आहे तेही दाखवा. काठाशी एक लांब दोरी कायमची बांधून ठेवा. कुणी पडलेच तर उडी न मारता दोरी, साडी, काठी जे असेल ते फेकायचे, हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या.

उन्हाळ्यातही खाण अगदी निर्धोक असते असे नाही. चिऱ्यांच्या तुकड्यांचे जे ढीग काठाला पडलेले असतात त्यांत विंचू आणि फुरसे हमखास असतात. मुलांनी अनवाणी फिरू नये आणि फटीत हात घालू नये. फुरसे या सापाच्या विषावर प्रतिविष आहे, फक्त दवाखाना गाठायला उशीर करू नये. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसे दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून ती भीती पुष्कळच कमी झाली, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरात दिवाळीसारखा आनंद झाला होता. मंत्र घालणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. या बाबतीत दादाचे आणि माझे एकमत आहे, हे नोंदवून ठेवते.

दादा आता निवृत्त होऊन गावीच राहतो आणि ती खाण माती टाकून बुजवावी, वर हापूसची कलमे लावावीत असे त्याच्या मनात आहे. मला ते पटत नाही. तळाला शेडी असलेली खाण म्हणजे आयते तळे आहे. एका बाजूची भिंत फोडून उतार केला, काठाने दगडी कुंपणाचा गडगा घातला, की मुलांची भीती संपते आणि पाऊस संपल्यावर कितीतरी दिवस कलमांना पाणीही मिळते. बुजवलेल्या खाणीत लावलेल्या कलमांच्या मुळाशी पावसाळ्यात पाणी तुंबेल आणि ती कुजतील, असे मी त्याला तीनदा सांगितले आहे. तो ऐकत नाही. चिरा हे गौण खनिज आहे, त्याला परवाना लागतो, २०१३ चे राज्याचे नियम आहेत, निघालेला माल ब्रासवर मोजून त्यावर स्वामित्वधन भरावे लागते, आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. बाहेर गेलेल्या मालाचा असा पक्का हिशोब असतो. मागे राहिलेला खड्डा मोजायला आमच्या सड्यावर कुणी आलेले मी तरी पाहिले नाही. म्हणून तुमच्या खाणीचे कुंपण तुम्हालाच घालावे लागेल असे धरून चाला.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती ती आता लिहिते. मी जे सांगितले ते हाताने चिरे काढलेल्या जुन्या खाणीचे आहे. तुमची खाण अलीकडची, यंत्राने कापलेली असेल, तर तिच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या गुळगुळीत असतात आणि खोलीही पुष्कळ जास्त असू शकते. तिथे मे महिन्यातही मुलांना एकटे सोडू नये. काळ्या दगडाच्या, सुरुंग लावून फोडलेल्या खाणीची गोष्ट तर निराळीच आहे, तिथे वरचे सुटे दगड कधीही खाली येतात, आणि तिथल्या खेळाची शिफारस मी कुणालाही करणार नाही. तळाला शेडी आहे की जांभा, हे पाहायला पहार लागत नाही. साधी काठी टोचली तरी कळते.

गेल्या वर्षी गणपतीला आतेभाऊ आपल्या मुलीला घेऊन आला होता. तीही नऊ वर्षांचीच आहे. जेवणानंतर दादाने तिला घराच्या ओटीवर बसवून गिऱ्ह्याची कथा सांगितली आणि या वेळी गिऱ्ह्याला लांब केस, उलटे पाय आणि भूकही लागते असा विस्तार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घरात सापडेना. ती खाणीच्या काठावर उकिडवी बसलेली सापडली, हातात बिस्किटांचा पुडा होता आणि एकेक बिस्कीट ती पाण्यात टाकीत होती, कारण त्याला उपाशी ठेवणे तिला बरे वाटले नव्हते. दादाचे म्हणणे असे की ती काठावरच थांबली होती, आत उतरली नव्हती.